खड्ड्यातली हवा

सोमवारी सकाळी पंपाच्या खड्ड्यात तळेकरने काडी ओढली आणि ती विझली. एवढंच. प्रयोगशाळेतून आलेली ती चार नंबरच्या तळ्यात नमुन्याची बाटली बुडवत होती आणि सहज मान वळवली म्हणून तिला ते दिसलं. तळेकर खड्ड्याच्या लोखंडी शिडीवर उभा होता, डोकं नि खांदे वर, बाकीचा जमिनीखाली. आवारात सिगारेटला बंदी होती, म्हणून तो रोज असा अर्धा पुरून घेऊन ओढायचा. त्याने वाकून गुडघ्यापाशी काडेपेटीवर काडी ओढली. ती पेटली न पेटली तोच गेली, कुणी चिमटीत धरून दाबावी तशी. दुसरी ओढली, तीही गेली. तिसरी गेल्यावर तो स्वतःशीच हसला, काडेपेटीला एक शिवी हासडली, दोन पायऱ्या वर आला आणि चौथी काडी छातीशी धरून ओढली. ती सरळ, पिवळी, शांत जळत राहिली. वारा नव्हता. तळ्याच्या पाण्यावर सुरकुती नव्हती. फक्त वल्ह्यांचं मोठं चाक फिरत होतं, तिथे हिरवं पाणी सावकाश दुमडत होतं.

"काडेपेटी सादळलीय वाटतं, ताई," तिला बघताना बघून तळेकर म्हणाला.

"सादळली असेल," ती म्हणाली.

सादळलेली काडी मुळात पेटत नाही, हे तिला माहीत होतं. बाटलीचं झाकण लावताना तिच्या लक्षात आलं की आपण ते तीनदा लावतोय आणि तीनदा काढतोय.

त्याचं आडनाव काही वेगळंच होतं. सोळा तळ्यांची देखरेख त्याच्याकडे म्हणून कुणीतरी पहिल्याच वर्षी त्याला तळेकर म्हटलं आणि ते चिकटलं. आता पगाराच्या दिवशी खरं नाव पुकारलं की तोच इकडेतिकडे बघायचा. शहराच्या टोकाला, चुन्याच्या भट्टीच्या मागे ही तळी होती. लांबट, उथळ, घोट्याएवढ्या पाण्याची. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ वाढायचं, त्या शेवाळाच्या पोटात तेल साठायचं, आणि ते तेल काढून, शुद्ध करून त्यावर इंजिन चालायचं. शेवाळाला वाढायला ऊन लागतं आणि कार्बन डायऑक्साइड लागतो. ऊन फुकट होतं. गॅस भट्टीच्या धुरातून यायचा, एका जाड पाइपातून, आणि तो पाइप पंपाच्या खड्ड्यातून वळून तळ्यांकडे जायचा. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत गॅस उजाडल्यावर सोडत. मग तिने एक टिपण लिहिलं: गॅस उजाडायच्या तासभर आधी सोडावा, म्हणजे पहिलं ऊन पडेल तेव्हा पाणी तयार असेल. दीड पान होतं ते. त्या दीड पानाने तेल जवळजवळ दीडपट झालं. साहेबाने वाढलेल्या तेलाचा आलेख मोठा करून स्वागतकक्षात लावला, खाली तिचं नाव घालून. येताजाता ती त्याकडे बघायची नाही, पण आपण बघत नाही आहोत हे तिला दर वेळी जाणवायचं. आणि आता बाटली घेऊन प्रयोगशाळेकडे चालताना तिच्या डोक्यात शाळेतलं एकच वाक्य घुमत होतं, बाईंच्या आवाजात, फळ्यावरच्या खडूच्या आवाजासकट: हा वायू हवेपेक्षा जड असतो. हा वायू हवेपेक्षा जड असतो. जड म्हणजे काय, तर तो सांडतो, उतरतो, खोलगट जागा शोधून बसतो आणि वारा येऊन उठवेपर्यंत बसून राहतो.

सूक्ष्मदर्शकाखाली सगळं ठीक होतं. गोल, तुकतुकीत पेशी, प्रत्येकीच्या आत रंग दिल्यावर उजळणारे तेलाचे पिवळे थेंब. हे वाण तिनेच शोधलं होतं, गच्चीवरच्या टाकीच्या गळत्या नळाखाली साचलेल्या डबक्यात. त्या दिवशी ती डबक्यापुढे उकिडवी बसून राहिली होती आणि वर आलेला प्लंबर म्हणाला होता, बाई, काही हरवलं का? आता डोळा भिंगाला लावून ती पेशी मोजत होती आणि आकडा दर वेळी निसटत होता. लहानपणी घरात तिला दुर्बीण म्हणत. हिला सगळं दिसतं, आई म्हणायची, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. दूध उतू जाताना ही बघत उभी राहील. त्यात एकदा दुधापेक्षा मोठं काही होतं, आणि ते आई कधी बोलली नाही. शेजाऱ्यांची रांगती मुलगी गच्चीच्या कठड्याच्या फटीकडे चालली होती. सात वर्षांची ती पायरीवर बसून बघत होती. मुलीचं लाल झबलं, गुडघ्यांना लागलेली धूळ, फटीतून दिसणारा खालचा रस्ता, सगळं तिला अजून स्पष्ट दिसतं. ओरडायचं आहे हे तिला कळत होतं. पण ओरडलं की ते खरं होईल, असं काहीतरी घशात येऊन बसलं होतं. कपडे वाळत घालणाऱ्या कुणीतरी झेप घेऊन मुलीला उचललं. तू इथेच होतीस ना गं? तिने मान हलवली होती. हो की नाही, ते तिचं तिलाही कळलं नव्हतं.

दुपारी ती साहेबाकडे गेली. साहेब तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, इंजिनियर, कायम घाईत, पण माणूस वाईट नव्हता. गुरुवारी पैसा लावणारे पाहुणे यायचे होते, याच शेवाळाच्या तेलावर चालणाऱ्या बसमधून. त्यांना सगळं पसंत पडलं तर सोळा तळ्यांची सहाशे होणार होती.

"खड्ड्यातला दुरुस्तीला गेलेला पंखा कधी येतोय?" तिने विचारलं.

"पुढच्या आठवड्यात. का हो?"

"नाही, सकाळी तिथे जरा जड वाटतं."

"जड म्हणजे?"

"म्हणजे हवा. कोंदट."

त्याने पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे नीट बघितलं. "मॅडम, गॅसचं मीटर काय दाखवतंय?"

"मीटर ठीक आहे."

ते खरं होतं. मीटर ठीक होतं, कारण ते खड्ड्याच्या तोंडाशी, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर टांगलेलं होतं. ते दोरीने खाली सोडा, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. ते तिच्या जिभेवर तयार होतं, कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी.

"हे बघा," साहेब म्हणाला, "पहाटेचा गॅस कमी केला तर तळ्यांचा रंग उतरेल, आणि गुरुवारी ते लोक आधी रंगच बघणार. पण तुमचं शास्त्र तुम्हाला जास्त कळतं. तुम्ही म्हणाल तर आत्ता कमी करतो. करू?"

खिडकीबाहेर तळी दिसत होती. एवढा हिरवा रंग तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता, आणि तो तिने केला होता.

"नको," ती म्हणाली. "गुरुवारनंतर बघू."

संध्याकाळी घरी नाना खुर्चीत बसून छत्रीची काडी दुरुस्त करत होते. वडील आणि लेक, दोघांचंच घर. नानांनी पस्तीस वर्षं एका गिरणीत बॉयलरवर काढली होती आणि अजूनही ते भांड्यातलं पाणी उकळण्याच्या आवाजावरून ज्योत बारीक कर, मोठी कर असं बसल्या जागेवरून सांगायचे.

"दुर्बीण, आज काय दिसलं?" त्यांनी रोजच्यासारखं विचारलं.

"काही नाही." मग चपला काढता काढता ती म्हणाली, "नाना, तुमच्याकडे टाकीत वगैरे उतरावं लागायचं तेव्हा काय करायचात?"

"वाट बघायचो. आधी झाकण उघडून ठेवायचं, दिवसभर." छत्रीची काडी त्यांनी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहिली. "एकदा घाई केली एकाने. उतरला आणि बसला तो बसलाच. मग त्याला काढायला दुसरा उतरला. दुसरा नेहमी उतरतो बघ. त्याला कुणी धरून ठेवलं नाही तर तो जातोच, आणि त्याच्यामागे तिसरा. का विचारतेस?"

"सहज."

"सहज कुणी विचारत नाही," नाना म्हणाले आणि छत्री उघडून पाहू लागले. तिचं मौन त्यांच्याकडूनच आलेलं होतं.

मंगळवारी ती सर्वांच्या आधी गेली. वर्तमानपत्राचा कागद पिळून पेटवला, तारेला बांधला आणि खड्ड्यात सोडला. पाचव्या पायरीपर्यंत ज्योत होती, सहाव्या पायरीला नव्हती. ती वाकली तेव्हा नाकात बारीक चिमटा बसला, सोड्याची बाटली फोडल्यावर बसतो तसा. बुधवारी ज्योत चौथ्या पायरीला गेली. म्हणजे गॅस वर येत होता. खाली पंप, पाइप, भिंतीवरचा ओला पट्टा, सगळं लख्ख दिसत होतं. पाणी भरावं तसा खड्डा भरत होता आणि भरलेलं काही दिसत नव्हतं. पाइपाचा सांधा कुठेतरी सैल झाला असणार. तिने तार गुंडाळून पर्समध्ये ठेवली. आपण हे मोजतोय, हे तिला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय याची भीती वाटली. मोजलेली गोष्ट ताब्यात असते असं तिला आयुष्यभर वाटत आलं होतं. त्या सकाळी तळेकर कपाळ चोळत आला. तीनचार दिवस डोकं ठणकतंय म्हणाला. तिने त्याला गोळी दिली. नऊच्या सुमारास वारा सुटायचा आणि खड्डा जरा मोकळा व्हायचा.

"दादा, नऊच्या आधी खड्ड्यात उतरत जाऊ नका," ती म्हणाली.

"का?"

तो पाण्याचा पेला हातात धरून थांबला होता. तिच्यामागे वल्ह्यांचं चाक पाणी उलटत होतं.

"शिडी ओली असते सकाळी. घसराल."

तळेकर मनापासून हसला. "अहो, त्या शिडीवर मी झोपूनसुद्धा उतरेन. पण तुम्ही म्हणताय तर नाही उतरत. नऊच्या आधी उतरलो तर नाव बदलेन. तसंही ते एकदा बदललेलंच आहे."

गुरुवारी पाहुणे नऊ वाजता यायचे होते आणि आठालाच आले. पांढरी बस फाटकातून आत शिरली तेव्हा आवारात गडबड उडाली. पाहुणे उतरून बसच्या धुराचा वास घेऊन बघत होते, एकमेकांना घ्यायला लावत होते, हसत होते. नेमका तेव्हाच पंप अडकला. तळ्यातलं घट्ट झालेलं हिरवं पाणी जिथून बाहेर पडून पाहुण्यांना दिसणार होतं ती नळी दोनदा उचकी दिल्यासारखी थरथरली आणि कोरडी झाली. साहेबाने लांबूनच तळेकरला खूण केली. तळेकर खड्ड्याशी गेला, थांबला आणि त्याने तिच्याकडे पाहिलं. ती वीस पावलांवर होती, पाहुण्यांसाठी मांडलेल्या बाटल्यांशी.

"ताई नऊनंतर म्हणाल्या होत्या," तो साहेबाला म्हणाला.

"आज कसले नऊ, तळेकर! दोन मिनिटांचं काम आहे."

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. म्हणजे पाहिलं असावं. नंतर तिने तो क्षण कितीदा तरी उलटसुलट केला आणि दर वेळी त्यात दोघं तिच्याकडे बघत होते. तिचं तोंड उघडलं होतं. पाहुण्यांतली एक बाई त्याच वेळी बाटली उचलून म्हणाली, किती सुंदर रंग आहे हो, आणि ती वळून त्या बाईला म्हणाली, "हो ना." तेवढ्यात शिडी वाजली. एक, दोन, तीन, चार, पाच पायऱ्या. मग ओलं पोतं टाकावं तसा आवाज.

त्यानंतर मात्र ती धावली. तोंडातून एवढा मोठा आवाज निघाला की तो तिचा तिलाच ओळखू आला नाही. गॅस बंद करा, वरचा व्हॉल्व्ह बंद करा, कुणी उतरायचं नाही! साहेब खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून एक पाय शिडीवर टाकत होता. तिने त्याला कॉलर धरून मागे ओढलं, इतकं जोरात की तो बसला. आणि मग ती वळली, कारण कापडं धुण्याच्या शेडमधून तळेकरची बायको पळत येत होती. तिला सगळे वहिनी म्हणत. शेवाळ गाळायची मोठाली कापडं ती धुवायची, कोपरापर्यंत हिरवे हात घेऊन. तेच हात पुढे धरून वहिनी येत होती. ती वहिनीच्या आडवी झाली, दोन्ही हातांनी तिला कमरेत धरलं, दोघी चिखलात पडल्या. वहिनीने तिला मारलं, ओरबाडलं, खांद्याला चावा घेतला. सोडा, ते दिसतायत मला, ते खालीच आहेत, हात पुरेल माझा! खरोखर तो दिसत होता. पंपाला टेकून, मान वाकडी करून तळेकर बसला होता, दुपारी डुलकी लागावी तसा. नऊ पायऱ्यांचं अंतर. ती वहिनीला धरून होती आणि वहिनीच्या केसांत तोंड खुपसून म्हणत होती, नाही, नाही, नाही. वाळवणीच्या शेडमधला मोठा पंखा आणून, त्याला पाइप जोडून खाली हवा सोडेपर्यंत आणि अग्निशामक दलाचा माणूस तोंडाला नळी लावून उतरेपर्यंत अकरा मिनिटं गेली. अकरा मिनिटं दुसऱ्याचं शरीर आपल्या शरीराशी आवळून धरलं की ते कुठे संपतं आणि आपण कुठे सुरू होतो ते कळत नाही. वहिनीचा श्वास तिच्या बरगड्यांत लागत होता. खालच्या माणसाचा कुठेच लागत नव्हता.

त्याला वर काढलं तेव्हा नाडी होती, जेमतेम.

संध्याकाळपर्यंत तिचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. तुम्ही नसता तर तीन प्रेतं निघाली असती, साहेब म्हणाला आणि रडला. पाहुण्यांपैकी एकाने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. शुक्रवारी चौकशीचा अधिकारी आला, चष्मा पुसत पुसत त्याने विचारलं की एवढं प्रसंगावधान तुम्ही कसं राखलंत. "वडील बॉयलरवर होते," ती म्हणाली. "त्यांच्याकडून ऐकलं होतं, दुसऱ्याला धरून ठेवायचं असतं म्हणून." यात एक अक्षर खोटं नव्हतं. अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं, तिने सही केली. सही रोजच्यासारखीच आली, याचं तिला आश्चर्य वाटलं. पहाटेच्या गॅसबद्दल साहेब काही बोलला नव्हता. तिला वाचवायला की स्वतःला, कोण जाणे. रात्री नानांनी खांद्यावरच्या दातांच्या खुणा पाहिल्या, हळदीसारखं पिवळं मलम लावलं आणि एवढंच म्हणाले, "सहज विचारलं होतंस." नाना मलम लावत राहिले.

शनिवारी दुपारी ती दवाखान्यात गेली. तळेकर काचेपलीकडे होता, तोंडात नळी, छाती यंत्राच्या तालावर वर जाणारी, खाली येणारी. अजून शुद्ध नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, डोळे उघडतील, पण आतला माणूस किती परत येईल ते आज सांगता येत नाही. बाहेरच्या बाकावर वहिनी एकटी बसली होती. नखांतला हिरवा रंग अजून गेलेला नव्हता. ती शेजारी बसली. वहिनीने तिच्या खांद्याकडे पाहिलं.

"फार लागलं का?"

"नाही."

"सगळे म्हणतात, तुमचे पाय धरायला हवेत मी."

"वहिनी, तसं काही..."

"थांबा. मला एक विचारायचंय." वहिनीचा आवाज शांत होता, विसळून निथळत ठेवलेल्या भांड्यासारखा. "मी पळत येत होते तेव्हाच तुम्ही हात पसरून उभ्या होतात. माझ्याकडे तोंड करून. माणूस पडला की माणूस आधी वाकून बघतो, काय झालं, कुठे लागलं. साहेब वाकले. सगळे वाकले. तुम्ही एकदाही वाकला नाहीत. दोन दिवस मी तेच बघतेय डोळे मिटून. तुम्हाला कसं कळलं, खाली काय आहे ते?"

वडील बॉयलरवर होते, हे वाक्य तयार होतं. सही केलेलं, वाचून दाखवलेलं. काचेपलीकडे यंत्र उसासा टाकत होतं, थांबत होतं, परत टाकत होतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

मग ती बोलत गेली. पहाटेचा गॅस तिने सुरू करवला होता. साहेबाने कमी करू का म्हणून विचारलं होतं, तिने नको म्हटलं होतं. तिने जाळ सोडून खोली मोजली होती, एकदा नाही, दोनदा. बोलताना तिला वाटत होतं की आता वहिनी ओरडेल, मारेल, आणि ते बरं होईल. वहिनी नुसती ऐकत होती, मान थोडी कलती करून, दुसऱ्या खोलीतलं ऐकावं तशी.

"आणि ह्यांना?" वहिनीने विचारलं. "ह्यांना सांगितलं होतंत?"

"शिडी ओली असते, एवढंच सांगितलं."

वहिनीने डोळे मिटले. "हो. घरी येऊन सांगितलं मला. हसत होते. म्हणाले, ताईंना माझी फार काळजी आहे."

कॉरिडॉरमधून कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत गेलं. चाक करकरत लांब गेलं. तिने पर्समधून कागद काढला. अधिकाऱ्याला द्यायचं म्हणून आता लिहिते, ती म्हणाली, सगळं, तुमच्यासमोर. पेन उघडून तिने 'सोमवारी सकाळी' एवढं लिहिलं. वहिनी कागदाकडे बघत होती.

"सोमवार नाही," वहिनी म्हणाली. "गेल्या शनिवारपासून ह्यांचं डोकं दुखत होतं. ते पण घाला."

तिने ते घातलं. अक्षर वेडंवाकडं येत होतं, पण येत होतं. पाऊण पान झालं असेल तेव्हा काचेचं दार उघडलं आणि नर्स बाहेर आली. "पेशंटने डोळे उघडलेत," ती म्हणाली. "अजून ओळख नाही दाखवत, पण बोलत राहा त्यांच्याशी. आत एकालाच येता येईल."

वहिनी उठली. दोन पावलं गेली, दाराच्या मुठीवर हात ठेवला. ती तशीच उभी राहिली. मग वहिनी परत आली आणि बाकावर बसली. तिच्या हातातून कागद आणि पेन काढून घेतलं, आपल्या मांडीवर ठेवलं.

"तुम्ही जा," वहिनी म्हणाली. "मला सांगितलंत ना, ते सगळं. ह्यांना आधी तुमच्याकडून कळू दे."

"वहिनी, ते आत्ता ऐकण्याच्या..."

"जा."

आत गारवा होता आणि औषधांचा वास. तळेकरचे डोळे उघडे होते, छताकडे लागलेले, पापणी लवत नव्हती. काचेपलीकडून वहिनी बघत होती. ती पलंगाशी गेली, कडेची थंड दांडी दोन्ही हातांनी धरली आणि ते डोळे आपल्याकडे वळायची वाट न बघता म्हणाली, "दादा, ती शिडी ओली नव्हती."